घोटाळ्यातला सरपंच पायउतार कसा करायचा: राजीनामा, अविश्वास, कलम ३९ आणि अपात्रता

गावभर बोभाटा झालेला असतो. न बांधलेल्या गटाराचं बिल निघालंय, एकाच पाणंद रस्त्याचे पैसे दोन योजनांतून उचललेत, ठेकेदार घरातलाच आहे. तरी वर्ष-दीड वर्षाने पाहावं तर सरपंच त्याच खुर्चीत आणि तक्रारदार तहसील ते जिल्हा परिषद अशा चकरा मारून थकलेले. आरोप खोटे असतात म्हणून असं होतं असं नाही. अर्ज चुकीच्या टेबलावर गेलेला असतो, नाहीतर बरोबर अर्ज चुकीच्या वेळी दिलेला असतो.

हे मार्गदर्शन महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचापुरतं आहे. थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये काढली गेली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर फिरणारे अविश्वासाचे बरेच नमुने जुन्या हिशेबाचे आहेत. ते उतरवून घेऊ नका. गोव्याच्या वाचकांसाठी एवढंच, की तिथला १९९४ चा पंचायत राज कायदा वेगळा आहे आणि तिथे सरपंच पंचांमधून निवडला जातो. इथले आकडे तिकडे चालणार नाहीत.

## टप्पा १: आरोप कोणत्या कलमात बसतो ते आधी ठरवा

सरपंचाचं पद जाण्याचे रस्ते चार आहेत. चौघांचे अधिकारी वेगळे आणि पुरावाही वेगळा.

राजीनामा. सरपंचाने स्वतः द्यायचा. त्यासाठी ना मतं लागतात, ना पुरावा.

अविश्वास ठराव, कलम ३५. इथे घोटाळा सिद्ध करावा लागत नाही, सदस्यांची मतं लागतात. नोटीस तहसीलदारांकडे जाते.

पदावरून दूर करणं, कलम ३९. कर्तव्यातलं गैरवर्तन, लांच्छनास्पद वागणूक, कामात हयगय किंवा सततची कुचराई, ही कारणं. इथे मतं लागत नाहीत, पुरावा लागतो. निर्णय विभागीय आयुक्तांचा.

अपात्रता, कलम १४ आणि १६. ग्रामपंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात हितसंबंध, सरकारी जागेवर अतिक्रमण, मागणी होऊनही तीन महिन्यांत न भरलेला कर, अशी ठरावीक कारणं. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. मासिक सभा किंवा ग्रामसभा घेतल्याच नसतील तर कलम ३६ आणि कलम ७ हेही जिल्हाधिकाऱ्यांकडेच जातं.

पाचवी गोष्ट फौजदारी तक्रार. ती समांतर चालते; गुन्हा दाखल झाला म्हणून खुर्ची आपोआप जात नाही. लाच मागितली गेली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. नाइलाजाने लाच द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवा, नाहीतर २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही अडचणीत येतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकच लांबलचक अर्ज, वर "मा. जिल्हाधिकारी, मा. आयुक्त, मा. मुख्यमंत्री" अशी यादी, आणि आत अतिक्रमण, निकृष्ट रस्ता, शिवीगाळ, दोन वर्षांपूर्वीचं भांडण सगळं एकत्र. असा अर्ज प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे "योग्य त्या कार्यवाहीसाठी" पाठवतं. त्या प्रवासात सहा महिने जातात.

पुढे जाण्याआधी तपासा: प्रत्येक आरोप एका वाक्यात लिहा. काम कोणतं, रक्कम किती, तारीख कोणती आणि हे कोणत्या कागदावरून दिसतं? ज्या वाक्यात या चारपैकी एक गोष्ट भरता येत नाही, ते वाक्य तूर्त बाजूला ठेवा.

## टप्पा २: कागद जमवा, आणि गाजावाजा न करता

मोर्चा, बातमी, फेसबुक लाइव्ह हे सगळं नंतर. आधी आवाज झाला की दप्तर "ऑडिटला गेलेलं" असतं.

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर वित्त आयोगाच्या निधीतली कामं आणि देयकं गावनिहाय पाहता येतात. ती आजच उतरवून ठेवा. कामाचं नाव, रक्कम आणि पैसे ज्याच्या नावावर गेले ते नाव, तिन्ही टिपा.

मग माहिती अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. म्हणून प्रत्येक कामासाठी वेगळा अर्ज करा. "रस्त्यात भ्रष्टाचार का झाला" असं विचारू नका; माहिती अधिकारात "का" ला उत्तर मिळत नाही, कागद मिळतो. मागायचं ते असं:

- त्या कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश
- मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे एम.बी.ची, संबंधित पानं
- देयकाचं व्हाउचर आणि पूर्णत्वाचा दाखला
- नमुना ५ ची, म्हणजे रोकडवहीची, त्या महिन्याची पानं आणि बँक खात्याचा उतारा
- ज्या सभेत खर्चाला मंजुरी दिली त्या सभेची नोटीस, हजेरी आणि प्रोसिडिंग

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. ही मुदत लोक हमखास चुकवतात आणि परत पहिल्यापासून अर्ज करत बसतात. कागदांची नुसती प्रत नको असेल तर दप्तराची आणि कामाची प्रत्यक्ष पाहणीही मागता येते.

कागद आले की तारखा एकाखाली एक मांडा. पैसे गेल्याची तारीख एम.बी.तल्या नोंदीच्या आधीची आहे का? पूर्णत्वाचा दाखला दिला तेव्हा काम जागेवर होतं का? एकाच लांबीचा रस्ता दोन एम.बी.मध्ये आहे का? घोटाळा बहुतेक वेळा रकमेत दिसत नाही, तारखांत दिसतो. जागेचे फोटो तारीख-ठिकाणासह स्वतः काढा; चार ग्रुपवरून फिरून आलेल्या फोटोला चौकशीत कोणी विचारत नाही.

सावधान, सदस्यांनी विशेषतः: ग्रामनिधीतून पैसे सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या सहीने निघतात, आणि खर्चाला मंजुरी मासिक सभेत मिळते. त्या प्रोसिडिंगवर तुमचीच सही असेल तर सरपंचाचा वकील पहिल्याच सुनावणीत ते पान उघडणार. आधी स्वतःच्या सह्या पाहा. ग्रामसेवकाचं नावही तक्रारीतून सोयीने वगळू नका. त्याला वगळलं की तो सरपंचाचा साक्षीदार होतो.

## टप्पा ३: तारीख आणि डोकी मोजा

अविश्वासाचा विचार असेल तर हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात कमी वेळ यालाच दिला जातो.

आधी तारीख. निवडीपासून पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या सहा महिन्यांतही नाही. ठराव फेटाळला गेला तर पुढची दोन वर्षं पुन्हा आणता येत नाही. पाच वर्षांच्या मुदतीत मिळतो तो अडीच वर्षांचा काळ, आणि एकदा हरलात की त्यातली दोन वर्षं गेली. म्हणजे व्यवहारात संधी एकच, फार तर पहिला ठराव अगदी सुरुवातीला पडला तर दुसरी. "टाकून तर बघू, दबाव येईल" म्हणून दिलेली नोटीस ही सरपंचाला दोन वर्षांचं अभय देण्याची खात्रीची पद्धत आहे.

आता डोकी. नोटिशीवर एकूण सदस्यांच्या किमान दोन तृतीयांश सह्या हव्यात. ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश मतं. हे प्रमाण एकूण सदस्यांचं आहे, हजर असलेल्यांचं नाही. जो सदस्य "मी कुणाच्याच बाजूने नाही" म्हणत त्या दिवशी लग्नाला जातो, त्याने सरपंचाच्या बाजूनेच मत दिलेलं असतं.

एकूण म्हणजे त्या घडीला सभेत बसायचा आणि मत द्यायचा हक्क असलेले सदस्य. रिक्त किंवा अपात्र झालेली जागा त्यात धरत नाहीत. अपूर्णांक आला की आकडा वरच्या पूर्णांकात न्यायचा. नऊ सदस्यांवर दोन तृतीयांश म्हणजे सहा आणि तीन चतुर्थांश म्हणजे पावणेसात, अर्थात सात. सरपंच धरून दहा मोजले तर नोटिशीला सात आणि ठरावाला आठ. काठावरच्या आकड्यावर उडी मारूच नका: दोन्ही हिशेबांत पुरतील एवढे सदस्य असतील तरच नोटीस द्या, कारण एका मताच्या फरकाने मंजूर झालेला ठरावच पुढे वादात जातो.

तपासा: सोबतचा प्रत्येक सदस्य स्वतः पात्र आहे ना? घरपट्टी थकलेली, अतिक्रमणातलं घर, दोनपेक्षा जास्त अपत्यांचा प्रश्न. तुमची नोटीस गेल्यावर समोरची पहिली चाल म्हणजे तुमच्याच दोन सदस्यांविरुद्ध अपात्रतेचा अर्ज.

## टप्पा ४: राजीनामा मागायचा असेल तर

समजुतीने राजीनामा मिळणं सगळ्यांना बरं, पण तो कायद्याने पोचला पाहिजे. सरपंचाचा राजीनामा स्वतःच्या सहीचा, लेखी आणि पंचायत समितीच्या सभापतींच्या नावे असावा लागतो. ग्रामसेवकाच्या हातात दिलेला, ग्रामसभेत माईकवर जाहीर केलेला किंवा पक्षाच्या तालुकाध्यक्षाकडे ठेवलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे. पंचायत समितीवर प्रशासक असेल तर पत्र कोणाच्या नावे द्यायचं हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्या.

तिथून तो ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेसमोर ठेवला जातो. सभेसमोर आल्यापासून सात दिवसांत "ही सही माझी नाही" किंवा "जबरदस्तीने घेतला" असा वाद सरपंच जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊ शकतो. वाद नसेल तर ते सात दिवस सरल्यावर राजीनामा अमलात येतो, त्याआधी नाही. मधल्या काळात निघालेल्या धनादेशांकडे लक्ष ठेवा.

सावधान: घरावर जमाव नेऊन, कोऱ्या कागदावर सही घेऊन मिळवलेला राजीनामा टिकत नाही, वर तुमच्यावरच गुन्हा दाखल होतो.

राजीनामा दिला म्हणजे प्रकरण मिटलं असंही नाही. राजीनामा दिलेल्या माणसालाही गैरवर्तनासाठी कलम ३९(२) खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. त्यालाही मुदत आहे, त्यामुळे "गेला ना, सोडा आता" म्हणून फाइल बांधून ठेवायची असेल तर जाणूनबुजून ठेवा, विसरून नको.

## टप्पा ५: अविश्वासाची नोटीस आणि विशेष सभा

नोटिशीचा नमुना १९७५ च्या अविश्वास ठराव नियमांना जोडलेला आहे. तोच वापरा, साध्या अर्जावर लिहू नका. मूळ नोटिशीसोबत सात जादा प्रती द्यायच्या असतात, कारण तहसीलदारांना त्या सरपंचापासून आयुक्तांपर्यंत पाठवायच्या असतात. सरपंच आणि उपसरपंच दोघांवर अविश्वास असेल तर दोन स्वतंत्र नोटिसा. ग्रामसभेच्या गुप्त मतदानाची पुढची पायरी (टप्पा ६) मात्र थेट सरपंचाच्याच ठरावाला लागते.

सह्या करणाऱ्या सगळ्या सदस्यांनी शक्यतो एकत्र तहसील कार्यालयात जाऊन नोटीस द्यावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. दिलेली नोटीस मागे घेता येत नाही. एखाद्याचं मन डळमळीत असेल तर ते पोच घेण्याआधी कळलेलं बरं.

कारणं थोडक्यात लिहा. "मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात न घेणे, अमुक कामाच्या देयकातील अनियमितता" एवढं पुरतं. सगळा घोटाळा तिथे उलगडलात तर तुमचा कलम ३९ चा पुरावा तुम्हीच आधी समोर ठेवलात.

नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत तहसीलदारांनी ग्रामपंचायत कार्यालयात विशेष सभा बोलवायची असते आणि अध्यक्षस्थानी तेच असतात. सरपंचाला बोलण्याचा आणि मत देण्याचाही हक्क आहे. त्याला बोलू द्या. गोंधळ घालून त्याचं बोलणं बंद पाडलंत तर वैधतेचा वाद तुम्हीच त्याच्या हातात दिलात.

इथे ठराव फसतो तो बजावणीत. "मला नोटीस मिळालीच नाही" म्हणणारा एक सदस्य किंवा स्वतः सरपंच पुढे कोर्टात उभा राहतो. बजावणी करणं तहसील कार्यालयाचं काम आहे, पण सर्वांचे चालू पत्ते त्यांना लेखी द्या, आणि माणूस घरी सापडत नसेल तर पंचनामा करून नोटीस दाराला डकवली आहे ना, याची खात्री करा.

सभेच्या दिवशी तपासा: प्रोसिडिंगमध्ये एकूण सदस्यसंख्या, हजर संख्या, बाजूची आणि विरोधातली मतं आकड्यांत आणि अक्षरांत लिहिली आहेत का? प्रोसिडिंगची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा.

## टप्पा ६: ग्रामसभेचं गुप्त मतदान

सदस्यांनी तीन चतुर्थांशाने ठराव केला की गुलाल उधळला जातो. तो लवकर असतो. थेट निवडून आलेल्या सरपंचाचं पद तेवढ्याने जात नाही. विशेष ग्रामसभेत, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावं लागतं.

म्हणजे ही सरळ निवडणूकच. सदस्यांची बेरीज इथे कामाची नाही. सरपंचाला गावाने निवडून दिलेलं असतं आणि "निवडून दिलेल्या माणसाला सात-आठ जणांनी मिळून पाडलं" ही सहानुभूती त्याच्याकडे तयार असते. तुमच्याकडे टप्पा २ चे कागद असतील तर आता त्यांचा उपयोग. वाड्या-वस्त्यांवर लहान बैठका घ्या आणि एका कामाची एकच गोष्ट सांगा: अंदाजपत्रक हे, पैसे गेले ते या तारखेला, जागेवर काय आहे ते चला बघून येऊ. दहा आरोपांपेक्षा एक पाहता येणारा आरोप पुरतो.

मुंबई-पुण्याला कामाला असलेल्या मतदारांना तारीख वेळेत कळवा. मतदारयादी आणि ओळखपत्रं आधीच पाहून ठेवा. पैसे किंवा जेवणावळीच्या वाटेला जाऊ नका. घोटाळ्यावर बोलायचा अधिकारच जातो.

निकालानंतर ठरावाच्या वैधतेचा वाद सरपंच सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊ शकतो आणि त्यांच्या निर्णयावर सात दिवसांत आयुक्तांकडे अपील होतं.

## टप्पा ७: मतं नसतील तेव्हा कलम ३९

सदस्य सरपंचाच्या मुठीत असतील तर हाच रस्ता. कोणताही ग्रामस्थ तक्रार करू शकतो. तक्रार विभागीय आयुक्तांच्या नावे, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. परिच्छेदांना क्रमांक द्या, प्रत्येक परिच्छेदात एक आरोप आणि त्याला लावलेल्या कागदाचा पान क्रमांक.

आयुक्तांच्या आदेशाने मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा शासनाने त्यासाठी नेमून दिलेला अधिकारी चौकशी करतो. ग्रामपंचायतीला आणि सरपंचाला नोटीस, सरपंचाला म्हणणं मांडायची संधी, मग अहवाल. त्यानंतर आयुक्त पुन्हा सरपंचाला ऐकून निर्णय देतात. अहवालाला एक महिना आणि निर्णयाला एक महिना असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो, म्हणून दर महिन्याला लेखी स्मरणपत्र द्या आणि त्याचीही पोच ठेवा.

सावधान: पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्याने गावात येऊन केलेला प्राथमिक अहवाल म्हणजे कलम ३९ ची चौकशी नव्हे. तो तुमच्या बाजूने आला म्हणून निश्चिंत होऊ नका आणि विरोधात गेला म्हणून हातपाय गाळू नका.

आयुक्तांच्या आदेशावर १५ दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. तिथे स्थगिती मिळू शकते, म्हणून अपिलात आपलं म्हणणं ऐकून घ्यावं असा अर्ज तयार ठेवा.

## टप्पा ८: अपात्रतेचा अर्ज, पण कोत्या हेतूने नको

ठेक्यातल्या हितसंबंधाचा आरोप करताना "ठेकेदार भाचा आहे" एवढ्यावर भागत नाही. भागीदारीचा कागद, एकत्र कुटुंबाचा व्यवसाय किंवा पैसा सरपंचाच्या खात्यात फिरल्याची नोंद लागते. सभा न घेतल्याचा आरोप त्या मानाने सोपा: नोटीस वही, हजेरी आणि प्रोसिडिंगच्या प्रती मागा, तारखांची यादी करा. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा आणि दर महिन्याला पंचायतीची सभा हवी. "पुरेसं कारण" दाखवायची जबाबदारी मग सरपंचावर येते.

अतिक्रमणाच्या बाबतीत हात जपून टाका. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या महिला सरपंचाला सरकारी जागेवरच्या घरात राहत असल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि बाई सरपंच झालेली गावकऱ्यांना पचली नाही, असं स्पष्ट नोंदवलं. महिला किंवा मागासवर्गीय सरपंचाविरुद्ध तक्रार असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: आधीच्या पुरुष सरपंचाच्या काळात याच गोष्टीवर आपण अर्ज केला होता का? उत्तर नाही असेल आणि हातात पैशांचा कागद नसेल, तर तो अर्ज करू नका. आणि सही तिची, कारभार नवऱ्याचा अशी स्थिती असेल तर तक्रारीत प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्याचं नाव आणि त्याने काय केलं हेही लिहा.

## टप्पा ९: आदेश आल्यानंतरचे पहिले आठ दिवस

आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि उच्च न्यायालयात कॅव्हेट टाका, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणं अवघड होतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या जोडीला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांनी तिथे जायचं.

त्याच वेळी गटविकास अधिकाऱ्यांना आणि बँकेला आदेशाची प्रत देऊन सरपंचाची सही आणि डिजिटल सही, म्हणजे डीएससी, बंद करायला लेखी सांगा. कारभार उपसरपंचाकडे जाताना दप्तराची यादी करून, पानं मोजून, दोघांच्या सह्यांनी हस्तांतर व्हावं. रोकडवही, धनादेश पुस्तकं, एम.बी., शिक्के, पावती पुस्तकं यांपैकी जे मिळालं नाही ते "अप्राप्त" म्हणून यादीत लिहा. गेलेल्या पैशाची वसुली लावायची तर हीच यादी आणि लेखापरीक्षणातले आक्षेप पुढे लागतात, आणि त्या वसुलीचा अर्ज पद गेल्यानंतरही तितकाच चालतो.